‘टॉन्सिल वाढलेत’ हे निदान नव्हे

महोदय,

मूल तापाने फणफणले, आवंढा गिळवत नाही म्हणून रडू लागले, की घरात एकच वाक्य ऐकू येते: ‘टॉन्सिल वाढलेत.’ मग मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली शोधली जाते किंवा दुकानातून ‘मागच्यासारखेच’ औषध आणले जाते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, औषध बंद होते आणि ते लागू पडले अशी सगळ्यांची खात्री पटते. यात दोन उलट चुका एकाच वेळी होतात. ज्यांना अँटिबायोटिकची गरज नसते त्यांना ते मिळते, आणि ज्यांना खरोखर गरज असते त्यांना ते अर्धवट मिळते. दुसरी चूक एखाद्या मुलाच्या हृदयावर बेतू शकते. कान-नाक-घशाच्या आजारांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून याविषयी तपशिलात लिहावेसे वाटले.

टॉन्सिल ही गाठ नव्हे आणि आजारही नव्हे. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना, टाळूच्या पडद्यांमधल्या खोबणीत बसलेला हा भाग मानेतल्या किंवा काखेतल्या लसिका ग्रंथींच्याच जातीचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर दहा-वीस खोल छिद्रे असतात. तोंडातून-नाकातून आलेले जंतू या छिद्रांत अडकतात, तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. हे काम जोरात चालू असताना तिथला रक्तपुरवठा वाढतो, पेशी वाढतात आणि टॉन्सिल सुजतात. सूज म्हणजे आत काहीतरी झुंज चालू असल्याची खूण. झुंज कोणाशी चालली आहे हे सूज सांगत नाही.

मुलांमध्ये साधारण ३ ते ७ या वयात टॉन्सिल आकाराने सर्वांत मोठे असतात आणि वयात येताना आपोआप आक्रसतात. डॉक्टर त्यांचा आकार चार पायऱ्यांत मोजतात. घशाच्या रुंदीचा पाव भाग व्यापला तर पहिली, निम्म्यापर्यंत दुसरी, पाऊण भागापर्यंत तिसरी आणि त्याहून जास्त, म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या, ती चौथी. कागदावर ‘ग्रेड ३’ वाचून पालक हवालदिल होतात. पण पाच वर्षांचे मूल शांत झोपत असेल, नीट जेवत असेल आणि घसा दुखत नसेल, तर त्याच्या ग्रेड ३ टॉन्सिलवर काहीही करायचे नसते.

घरी घसा पाहायचा असेल तर मूल बरे असताना एकदा पाहून ठेवावा. नेहमीचा आकार आणि रंग ठाऊक असेल तरच आजचा फरक कळतो. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, टॉर्च धरावा, तोंड मोठे उघडायला लावून लांब ‘आ’ म्हणायला सांगावे. जीभ दाबावीच लागली तर चमचा जिभेच्या पुढच्या भागावर ठेवावा. मागे दाबला की उबळ येते, आणि उबळ येताना दोन्ही टॉन्सिल मध्यभागी वळतात व आहेत त्यापेक्षा बरेच मोठे दिसतात. ‘एकदम चिकटलेत हो’ असे सांगणाऱ्या कितीतरी पालकांनी तो उबळीचा क्षण पाहिलेला असतो. मात्र मूल लाळ गाळत असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला बसलेल्या स्थितीतच थेट रुग्णालयात न्यावे.

पाहायच्या गोष्टी तीन: पडजीभ मध्यावर आहे का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, आणि पांढरे काही दिसते का. पांढऱ्यातही फरक असतो. ताप आणि लाली असताना दिसणारे पिवळट-पांढरे ठिपके हा संसर्गाचा स्राव असतो. ताप नाही, दुखणे नाही, फक्त तोंडाला वास येतो आणि एखादाच पांढरा कण छिद्रात अडकून बसला आहे, तर तो टॉन्सिलचा खडा. मेलेल्या पेशी, अन्नकण आणि जंतू साचून तो बनतो. जोरात गुळण्या केल्या की तो बहुधा निघतो. पिन किंवा काडीने टोकरू नये, रक्त येते. तिसरा प्रकार गंभीर: टॉन्सिलवरून टाळूकडे पसरलेला, घट्ट चिकटलेला, पुसू गेल्यास रक्त येणारा करडा पापुद्रा. सोबत मान सुजून जाड झाली असेल तर तो घटसर्प (डिप्थेरिया) असू शकतो. त्यावर अँटिबायोटिकच्या जोडीला प्रतिविष द्यावे लागते आणि तासातासाला महत्त्व असते. लसीकरण अपुरे राहिलेल्या मुलात ही शंका सर्वांत आधी घ्यावी.

आता मुख्य प्रश्न: विषाणू की जिवाणू? घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणे सर्दी-फ्लूच्या विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही, आणि ताप तीन-चार दिवसांत उतरायचा तो उतरतोच. औषध ‘लागू पडल्याचा’ भास इथूनच येतो. जिवाणूंमध्ये ज्याची धास्ती घ्यावी तो म्हणजे ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस, थोडक्यात स्ट्रेप. मुलांच्या घसादुखीत ढोबळमानाने तीन-चारातील एका प्रकरणात तो सापडतो, मोठ्यांमध्ये याहून बराच कमी. ५ ते १५ हे त्याचे आवडते वय. तीन वर्षांखाली तो क्वचित त्रास देतो.

दोन्ही ओळखण्यासाठी डॉक्टर गुण मांडतात. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, टॉन्सिलवर स्राव, जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखरी अवधाणे (सुजलेल्या गाठी), आणि खोकला नसणे: प्रत्येकाचा एक गुण. वय ३ ते १४ असेल तर आणखी एक, ४५ आणि पुढे असेल तर एक वजा. शून्य किंवा एक गुण असेल तर तपासणीचीही गरज नसते. दोन-तीन असतील तर घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने नमुना, घ्यावा. चार किंवा अधिक असतील तर स्ट्रेपची शक्यता बरीच वाढते, तरीही स्वॅब घेणे उत्तम. नाक वाहणे, डोळे लाल होणे, आवाज बसणे, खोकला यांचा ताफा सोबत असेल तर तो विषाणूच समजावा, टॉन्सिल कितीही लाल असोत. पांढरे ठिपके दिसले म्हणजे जिवाणूच, ही समजूत आम्हाला रोज खोडावी लागते. अ‍ॅडेनोव्हायरस आणि ग्रंथीज्वराचा (इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसचा) विषाणूही तसेच ठिपके आणतात.

स्वॅब नीट घेतला गेला तरच त्याला अर्थ. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर फिरली पाहिजे. फक्त जिभेला लागून परत आली तर स्ट्रेप असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. झटपट चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळतो आणि ‘पॉझिटिव्ह’ आला तर त्यावर विसंबता येते. मुलांमध्ये ‘निगेटिव्ह’ आला तर कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहतात, त्याला एक ते दोन दिवस लागतात. तेवढे थांबल्याने नुकसान होत नाही, कारण घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी हृदयाचे संरक्षण होते.

स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडे मोजणाऱ्या रक्तातल्या ‘एएसओ’ चाचणीबद्दल वेगळे सांगायला हवे. ही चाचणी आज घशात काय चालले आहे ते सांगत नाही. पूर्वी कधीतरी स्ट्रेपशी गाठ पडली होती एवढेच ती सांगते, आणि शाळकरी वयात तशी गाठ बहुतेकांची पडलेली असते. केवळ एएसओचा आकडा वाढलेला दिसला म्हणून, सांधे आणि हृदय ठणठणीत असलेल्या मुलाला महिनोन्‌महिने पेनिसिलिनची इंजेक्शने देणे चूक आहे. तो आकडा संधिवाताच्या तापाचे (स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदयाला ग्रासणाऱ्या आजाराचे) निदान करताना इतर लक्षणांच्या जोडीला कामाचा असतो, एकट्याने नाही. तसेच काही मुले घशात स्ट्रेप बाळगूनही निरोगी असतात. म्हणून साध्या सर्दीत किंवा काहीच होत नसताना ‘खात्रीसाठी’ स्वॅब घेऊ नये. नको तो निकाल येतो आणि नको ते औषध सुरू होते.

स्ट्रेप निघाला तर औषध साधेच असते: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, १० दिवस. स्ट्रेप पेनिसिलिनला आजही दाद देतो. अझिथ्रोमायसिनसारख्या औषधांना तो अनेक ठिकाणी देईनासा झाला आहे. म्हणून ‘तीन दिवसांची सोपी गोळी द्या’ असा आग्रह धरू नये. ती पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी राखलेली बरी. संधिवाताच्या तापाचा धोका फार कमी असलेल्या काही देशांत कमी दिवसांचा कोर्सही देतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो, उतरलेल्या तापाने नव्हे.

कोर्स नेमका कुठे तुटतो हे पाहण्यासारखे आहे. २० किलो वजनाच्या मुलाला अमॉक्सिसिलिन किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर रोज २० मिली. ६० मिलीची बाटली बरोबर तिसऱ्या दिवशी संपते, आणि नेमका तेव्हाच तापही उतरलेला असतो. बाटली संपली, ताप गेला, कोर्स झाला असे घरात ठरते. प्रत्यक्षात १० दिवसांना २०० मिली लागतात, म्हणजे चार बाटल्या. त्या पहिल्याच दिवशी आणाव्यात, पण पाणी एका वेळी एकाच बाटलीत घालावे. पाणी घातल्यावर औषध वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपुरतेच टिकते, बहुतेकांचे ७ दिवस. मागच्या आजारातली उरलेली पातळ बाटली म्हणूनच निरुपयोगी. १० दिवस औषध पाजणे जमणारच नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते: २७ किलोच्या आत ६ लाख युनिट, त्याहून जास्त वजनाला १२ लाख. ते नितंबात किंवा मांडीत देतात, दुखते, आणि प्रतिक्रिया आली तर सांभाळण्याची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावे.

हा सगळा खटाटोप घशासाठी नाही. घसा औषधाविनाही आठवड्याभरात बरा होतो. स्ट्रेपविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे कधीकधी शरीराच्याच ऊतींवर उलटतात. दोन ते चार आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज आणि ताप येतो, आणि हृदयाच्या झडपा, विशेषतः मायट्रल झडप, कायमची खराब होऊ शकते. हाच तो संधिवाताचा ताप. त्यामुळे घसा बरा झाल्यावर महिनाभरात सांधे सुजले, धाप लागू लागली, तर डॉक्टरांना घसादुखीची तारीख आवर्जून सांगावी. लघवी चहासारखी गडद झाली किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर मूत्रपिंडाची तपासणी करावी. हा दुष्परिणाम मात्र अँटिबायोटिकने हमखास टळत नाही.

किशोरवयात घसा भयंकर सुजलेला, मानेच्या मागच्या बाजूलाही अवधाणे, आणि थकवा इतका की उठवत नाही, असे असेल तर ग्रंथीज्वर आठवावा. यात अमॉक्सिसिलिन दिले तर अंगभर पुरळ उठू शकते आणि रुग्णाला उगाच आयुष्यभरासाठी ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसतो. पोटातली प्लीहा (पाणथरी) सुजलेली असू शकते, म्हणून निदान तीन-चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ बंद.

घरच्या उपचारात सर्वांत मोठे औषध वेदनाशामक, आणि सर्वांत जास्त चुका त्याच्याच मापात. पॅरासिटामॉल एका डोसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम हवे. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमच्या सिरपचे ते साडेसात मिली होतात, २५० च्या सिरपचे ३.६ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त १.८ मिली. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या. साडेसात मिली हे माप डोक्यात ठेवून हाती थेंबांची बाटली आली तर चौपट औषध पोटात जाते आणि यकृताला धोका होतो. म्हणून मिलीवर न जाता लेबलवरचे मिलिग्रॅम वाचावेत, सोबत आलेल्या टोपीने किंवा सिरिंजनेच मोजावे, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये. सर्दीच्या मिश्र सिरपातही बहुधा पॅरासिटामॉल असतेच. दोन्ही एकदम देऊ नये. आयब्युप्रोफेन चालते, पण मूल पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. १६ वर्षांखाली अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. यकृत-मेंदूचा रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

वेदनाशामक जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावे, म्हणजे गिळताना दुखणे कमी असते. घन अन्न दोन दिवस नाही खाल्ले तरी बिघडत नाही; पाणी मात्र घोटघोट चालू हवे. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, रडताना अश्रू येत नाहीत, तर पाणी कमी पडले आहे. थंड द्यावे की गरम? मुलाला जे गिळवते ते. गारव्याने घसा बधिर होऊन आराम पडतो. थंड प्यायल्याने टॉन्सिल वाढतात ही समजूत जुनी आहे, खरी नाही. सुजेला जंतू कारण असतो, तापमान नव्हे. गुळण्यांसाठी एक पेला कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. याने जंतू मरत नाहीत, पण घसा हलका होतो. सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही, ठसका लागतो. त्यांना सांगू नये. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच देऊ नये. उकळत्या भांड्यावर वाफ देण्याने टॉन्सिलला फायदा नाही, भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. औषध सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप नसला की स्ट्रेपचे मूल शाळेत जाऊ शकते. तोवर पेला आणि रुमाल वेगळे.

काही लक्षणांत सकाळ होण्याची वाट पाहू नये. दुखणे एकाच बाजूला एकवटले, तोंड दोन बोटांइतकेही उघडेना, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा झाला, पडजीभ एका बाजूला ढकलली गेली, तर टॉन्सिलच्या मागे पू साचला आहे. तो सुईने किंवा छेद देऊन काढावाच लागतो. नुसत्या गोळ्यांनी दिवस वाया जातात. लाळ गिळता न येणे, श्वासाची घरघर, मान वळवता न येणे ही लक्षणेही तशीच. प्रौढांमध्ये एकच टॉन्सिल मोठा झाला, दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहिला आणि तीन आठवड्यांनंतरही तसाच आहे, तर कर्करोग नाही ना याची तपासणी हवीच, तंबाखूची सवय असो वा नसो.

शस्त्रक्रियेबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात: काढूनच टाका, किंवा काढले तर प्रतिकारशक्ती जाईल. घशात आणि जिभेच्या मुळाशी याच जातीच्या इतर ऊती असतात, त्यामुळे टॉन्सिल काढल्याने मूल दुबळे होत नाही. पण वारंवार घसा दुखतो म्हणून काढायचे, तर मोजमाप हवे: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा. त्यातही प्रत्येक वेळी घसादुखीच्या जोडीला ३८.३ अंशांवर ताप, स्राव, मानेत अवधाणे किंवा स्वॅब पॉझिटिव्ह यांपैकी काहीतरी नोंदलेले असावे. ‘सारखेच दुखते’ यावर निर्णय होत नाही. एका वहीत तारीख, ताप आणि स्वॅबचा निकाल लिहून ठेवावा. याहून कमी त्रास असलेली बहुतेक मुले वाट पाहिल्यावर आपोआप सुधारतात.

संसर्गापेक्षा झोपेचे कारण अधिक दुर्लक्षित आहे. मूल रोज घोरते, तोंड उघडे ठेवून मान मागे टाकून झोपते, मध्येच श्वास थांबतो आणि धसकून पुन्हा सुरू होतो, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले आहे, दिवसा लक्ष लागत नाही किंवा उलट फार चुळबुळ करते. अशा मुलाला कदाचित एकदाही ताप आलेला नसतो, तरी त्याला शस्त्रक्रियेची गरज असू शकते. गाढ झोपेत छाती उघडी ठेवून दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढावा आणि डॉक्टरांना दाखवावा. श्वास घेताना छातीचा पिंजरा आत ओढला जातो का, हे त्यात स्पष्ट दिसते. तोंडी वर्णनात ते निसटते.

शस्त्रक्रियेनंतर जागेवर पांढरा-पिवळा थर बसतो. तो पू नव्हे, भरून येणाऱ्या जखमेची खपली असते. तोंडाला वासही येतो. कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची संवेदना नेणारी नस एकच. कानात थेंब टाकून उपयोग नाही. दुखणे पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या ते सातव्या दिवशी जास्त वाटू शकते, म्हणून वेदनाशामक वेळेवर चालू ठेवावे आणि गिळणे चालू ठेवावे. न गिळणाऱ्या मुलाचा घसा कोरडा पडतो, मग अधिक दुखतो. या शस्त्रक्रियेनंतर १८ वर्षांखालच्या मुलाला कोडीनचे औषध देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचे वेगाने मॉर्फीन बनते आणि श्वास मंदावतो.

रक्तस्रावाचा धोका पहिल्या २४ तासांत असतो आणि खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, पुन्हा येतो. या दिवसांत प्रवास आखू नये, रुग्णालय सहज गाठता येईल अशा ठिकाणी राहावे. झोपलेले मूल एकसारखे आवंढे गिळत असेल तर त्याला उठवून टॉर्चने घसा पाहावा; रक्त बाहेर न येता पोटात जात असू शकते. रक्त दिसले तर मुलाला बसवावे, डोके पुढे झुकवून रक्त थुंकायला लावावे आणि निघावे. वाटेत ते आपोआप थांबले तरी माघारी फिरू नये. पहिल्यांदा थोडेच येते, आणि काही तासांनी तिथूनच जोरात सुरू होऊ शकते.

आपले,
कान-नाक-घसा विभागात काम करणारे डॉक्टर